जागा आपलीच आहे

मराठीतला ‘आपण’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. त्यात बोलणारा येतो, ऐकणाराही येतो. पण जरा आदराने बोलायचं झालं की बोलणारा हळूच बाजूला होतो आणि ऐकणारा एकटाच उरतो. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, व्याकरण नाही. त्यामुळे ही गंमत माझ्या लक्षात आली ती आमची हडपसरची जागा गेली तेव्हा.

जागा म्हणजे एक खोली. हडपसरला कारखान्यांच्या कडेला सार्वजनिक मालकीची एक जुनी बैठी इमारत होती. तिच्यातले गाळे लहान कारखानदारांना भाड्याने दिलेले होते, त्यातला एक आमचा. आम्ही तिथे काही बनवत नव्हतो. आजूबाजूच्या वर्कशॉपमधून लोक त्यांनी बनवलेले सुटे भाग घेऊन यायचे आणि आम्ही ते मोजून द्यायचो. भोक हवं तेवढंच आहे का, दांडा खरोखर गोल आहे का, पृष्ठभाग सपाट आहे का. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी स्वतःची सोय असते. एका लेथवर संसार चालवणाऱ्याकडे कुठून असणार? त्यांच्यासाठी आमची खोली. सगळे तिला मापखोली म्हणायचे.

खोलीच्या मधोमध काळ्या ग्रॅनाइटचा एक जाडजूड दगड होता, लोखंडी पायांवर बसवलेला. त्याचा वरचा भाग इतका सपाट घासलेला होता की बाकी सगळ्यांची मापं त्याच्यावर ठेवून काढायची. दगड सपाट, म्हणून आमचा शब्द खरा. त्याच्यावर कप ठेवायचा नाही, कोपर टेकायचं नाही, हा नियम. एकदा एका गिऱ्हाइकाने त्याच्यावर जेवणाचा डबा उघडला, तेव्हा मी त्याला शाळेतल्या आवाजात बाहेर काढलं होतं. यांनी कंपनीतली नोकरी सोडली, तेव्हा सगळ्यात आधी काय घेतलं असेल तर तो दगड. घरातलं कपाट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं.

हे म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव घेऊ नये असलं मी काही मानत नाही. पण इथे कुणाचंच नाव लिहायचं नाही, तेव्हा जुनी सोय बरी पडते.

यांच्या हातात माइक आला की हे खुलतात. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवर बोलायला उभे राहिले तरी सुरुवात या शहराने आपल्याला काय दिलं इथून. त्यामुळे मापखोलीत बारकाईचं काम माझ्याकडे आणि माणसांशी बोलण्याचं यांच्याकडे, ही वाटणी आपोआप झाली होती. माणसं यांच्यासाठी यायची आणि माझ्या मापांसाठी परत यायची, असं मी म्हणायचे. हे म्हणायचे की वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे.

मग तो फोन आला. शहरातले काही उद्योजक, प्रशासनातले काही वरिष्ठ अधिकारी आणि दोन-चार कॉलेजांचे संचालक यांनी मिळून एक मंच काढला होता. नव्या कल्पना असलेल्या तरुणांना जागा मिळवून द्यायची, भांडवल मिळवून द्यायचं, नव्या कंपन्या उभ्या करायच्या आणि पुणं पुढे न्यायचं. ‘नवोन्मेष’ हा शब्द मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. फोनवरची मुलगी म्हणाली, लघुउद्योगांचे प्रतिनिधी म्हणून आपण यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. यांनी फोन ठेवला आणि आनंदाच्या भरात सरळ दगडाला टेकून उभे राहिले. मी ओरडले, तरी त्यांना ऐकूच गेलं नाही.

बैठका खराडीला व्हायच्या, काचेच्या एका उंच इमारतीत. यांनी त्यासाठी नवीन जाकीट शिवून घेतलं. संध्याकाळी गाडी चालवताना यांना समोरच्या दिव्यांचा त्रास होतो, म्हणून बिबवेवाडीहून गाडी मी चालवायची. मग तिथे खाली पार्किंगमध्ये बसण्यापेक्षा वर जाऊन भिंतीशी बसायचे. ‘मॅडम, आपणही या ना पुढे,’ असं दर वेळी कुणीतरी म्हणायचं. मी मागेच बरी होते, मागून सगळ्यांचे चेहरे दिसतात.

मंचाच्या अध्यक्षांचा मला राग आहे, पण ते वाईट होते म्हणून नाही. वाईट असते तर काम सोपं झालं असतं. ते पेठेतल्या जुन्या घरातले, स्वतःच्या हिमतीवर मोठा धंदा उभा केलेले, आणि इतकं स्वच्छ मराठी बोलायचे की ऐकत राहावं. बाकीचे ‘बेसिकली’ आणि ‘अ‍ॅट द एंड ऑफ द डे’ करत असताना अध्यक्ष शांतपणे म्हणायचे की आपण या शहराचं देणं लागतो, आपण नुसतं नोकऱ्या करणारं शहर राहायचं नाही, आपण निर्माण करणारं शहर व्हायचं. प्रशासनातले साहेब फोनमध्ये मान घालून असायचे, पण ‘आपण’ आला की तेही मान हलवायचे.

त्या बैठकांत हे चांगलं बोलले, हे मला मान्य करायलाच हवं. मुलं घरात बसून नवनवीन उपकरणं बनवतात, पण त्यांचा एखादा भाग केसभर चुकला तर सगळं यंत्र बिघडतं, आणि तो चुकलाय हे सांगणारं त्यांच्याजवळ कुणी नसतं. तेव्हा नव्या कंपन्यांसाठी मंच जे केंद्र काढणार आहे ते कुठेही काढा, त्यात मापखोली हवी, असं हे म्हणाले. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, ही तर आपल्या केंद्राचं हृदयच होईल. परतताना गाडीत हे एकटेच बोलत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत आमच्या कामाला कुणी हृदय वगैरे म्हटलं नव्हतं.

हळूहळू तो ‘आपण’ आमच्या घरात राहायला आला. चहा पिताना हे सांगायचे की पुढच्या वर्षी आपण बाहेरच्या देशातून माणसं बोलावतोय. आपण कॉलेजांशी करार करतोय. आपण शहराचा पूर्व भाग असा काही बदलणार आहोत की बघत राहशील. भाजीत मीठ जास्त झालं की मात्र तू.

एकदा मी विचारलं, ‘अहो, आपण म्हणजे कोण?’

‘आपण म्हणजे आपण सगळे,’ हे म्हणाले. ‘असं काय विचारतेस?’

पण मला मनातून वाटत होतं की या ‘आपण’मध्ये कोण आत आहे आणि कोण बाहेर, हे एकदा कुणीतरी मोजून घ्यायला हवं.

मग मंचाची मंडळी केंद्रासाठी आमचीच हडपसरची इमारत बघायला आली. गाड्या इतक्या आल्या की गल्लीत टेम्पो अडकले. सगळ्यांनी पत्र्याच्या छताचे, लोखंडी दारांचे फोटो काढले. त्यांना ते सगळं फार आवडलं होतं. आम्हाला त्या छताखाली उन्हाळ्यात काय होतं ते माहीत होतं, म्हणून आवडत नव्हतं. एका तरुणाने हातातला कॉफीचा कागदी पेला दगडावर ठेवला. मी तो उचलला आणि त्याच्या हातात परत दिला. तो सॉरी म्हणाला, आणि जरा वेळाने त्याने तो पुन्हा तिथेच ठेवला.

जायच्या वेळी अध्यक्षांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. साहेब शेजारीच उभे होते. अध्यक्षांनी अगदी अदबीने विचारलं, ‘मग जागेबाबत आपली काही हरकत?’

आणि हे हसत म्हणाले, ‘छे छे, जागा आपलीच आहे.’

मी तिथेच होते. मला त्यात काहीही खटकलं नाही. हे म्हणत होते ते मला नेमकं कळलं होतं. जागा आपली आहे, म्हणजे आपल्या सगळ्यांची, तुमची आमची, या शहराची. हे किती तरी महिने तसंच बोलत होते आणि समोरचेही तसंच बोलत होते. वाईट एवढंच झालं की अध्यक्ष फार चांगल्या घरातले होते. चांगल्या घरात पाहुण्याला ‘घर आपलंच आहे’ म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ घर तुमचं आहे असा असतो. यांनी जागा वाटून घेतली होती, त्यांनी ती देऊन टाकलेली ऐकली. दोघांनी हात मिळवले, गाड्या गेल्या, टेम्पो सुटले.

पुढे केंद्राच्या घोषणेचा मोठा कार्यक्रम झाला. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. भाषणं झाली, पडद्यावर चित्रं झाली. त्या चित्रांत आमची इमारत ओळखू येत नव्हती. सगळीकडे रंगीत खुर्च्या, झाडं आणि हसणारी मुलं. मग सत्कार सुरू झाले. पुण्यात सत्कार झाल्याशिवाय काही सुरू होत नाही आणि सत्कार झाल्यावर बहुतेक वेळा काहीतरी संपलेलं असतं. यांचं नाव पुकारलं. हे जाकीट ओढत वर गेले. शाल, नारळ, काचेचं एक स्मृतिचिन्ह. निवेदिका गोड आवाजात वाचत होती की शहराच्या भविष्यासाठी आपला व्यवसाय बाजूला ठेवून ज्यांनी मोकळ्या मनाने म्हटलं, ‘जागा आपलीच आहे,’ अशा दिलदार उद्योजकाचा हा सन्मान. सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. मीही उभी राहिले, कारण बसून राहिले असते तर पुढचं दिसलं नसतं. ‘बाजूला ठेवून’ हे शब्द माझ्या कानात अडकले होते. यांच्या कानात टाळ्या होत्या. हे शाल सावरत सगळ्यांना नमस्कार करत होते आणि त्यांचा चेहरा इतका उजळला होता की घरी जाईपर्यंत मी तोंडातून अक्षर काढलं नाही.

घरी गेल्यावर मी सांगितलं. हे म्हणाले की निवेदकांना असं फुलवून बोलावं लागतं, तू प्रत्येक शब्द काट्यावर तोलतेस. शाल घडी करून कपाटात ठेवली. ती अजून तिथेच आहे.

इतर गाळेवाल्यांना मात्र निवेदिकेचं बोलणं अगदी बरोबर कळलं. सत्काराचा फोटो मोबाइलवरून सगळीकडे फिरला होता. शेजारचा लेथवाला मूळ हडपसर गावातला, रोज सकाळी यांच्याशी क्रिकेटवर वाद घातल्याशिवाय मशीन चालू न करणारा. तो दारात येऊन उभा राहिला, आत आला नाही. ‘काका, तुमी शाल घेतली अन् जागा दिली म्हनं. आमाला इचारायचं तरी हाय का नाय?’

हे त्याला समजावत राहिले. तसं नाही रे, आपण सगळेच तिथे असणार आहोत. तो ऐकून घेत होता, पण यांच्याकडे बघत नव्हता. त्या दिवसापासून तो क्रिकेटवर बोलेनासा झाला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

नोटीस आली तीही सुरेख मराठीत. आपणांस कळविण्यात येते की कराराची मुदत संपलेली असल्याने आपण सदर जागा रिकामी करून द्यावी. हे चष्मा लावून ती वाचत होते. मी म्हटलं, हा बघा, हा तुमचाच आपण. त्यांनी नोटीस खाली ठेवली आणि जाकीट शोधायला लागले. आम्ही खराडीला गेलो.

अध्यक्षांनी वाट बघायला लावली नाही. चहा मागवला, तब्येतीची चौकशी केली. हे म्हणाले, गैरसमज झालाय, जागा आपली म्हणजे आपल्या सगळ्यांची असं मी म्हटलं होतं. अध्यक्षांना खरंच धक्का बसला. ते सोंग नव्हतं, सोंग मला शाळेपासून ओळखता येतं. ते म्हणाले की आपण ती केंद्राला देताय असंच मी समजलो, आणि मी त्या मोठेपणाबद्दल ठिकठिकाणी बोललोही.

तेव्हा मला वाटलं की आता सुटलं. ऐकण्यात चूक कुणाचीही होते. चूक सापडली की दुरुस्त करायची, आमचा तर धंदाच तो होता. मी म्हटलं, ‘मग आता कळलं ना. मापखोली केंद्रात राहू द्या, आधी ठरलं होतं तशी.’

त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. ‘आम्ही बराच विचार केला, मॅडम,’ ते म्हणाले. ‘आम्ही आता सगळं जाहीर केलंय.’

इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून ‘आम्ही’ मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी यांच्याकडे बघितलं. यांनाही ते ऐकू गेलं होतं. त्यांच्या तोंडावरचं ते बैठकीचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागे कुणी नव्हतं.

मला तेव्हा फार राग आला. मी बोललेही, की ज्या चुकीत तुमचा फायदा आहे ती तुम्ही दुरुस्त कशाला कराल. ते रागावले नाहीत. ते शांतपणे म्हणाले की नव्या केंद्रात आपल्यासारख्या अनुभवी लोकांचं स्वागतच आहे, नव्या कंपन्यांसाठी टेबलं ठेवलेली आहेत, अर्ज करा. फक्त कंपनी नवी हवी. आमची नवी नव्हती आणि आम्हीही नव्हतो. निघताना यांनी एवढंच सांगितलं की दगड लगेच हलवता येणार नाही, त्याला नवी जागा बघावी लागेल. अध्यक्ष लिफ्टपर्यंत सोडायला आले. म्हणाले, दगडाची अजिबात काळजी करू नका, तो आपलाच आहे.

नवी जागा बघायला आमचं बरंच फिरणं झालं. माप काढायचं तर जमीन हादरून चालत नाही. वरचे मजले बाद, रस्त्यालगतचे बाद. माझ्या भाच्याच्या ओळखीने शेवटी मांजरीला एक शेड मिळाली, मागच्या बाजूला, शांत. हे पुन्हा माणसात आले. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करू लागले. लेथवाल्यालाही केला, आणि तो म्हणाला की चालू करा, मी येतो. यांनी तो फोन मला दोनदा सांगितला. आता फक्त दगड आणायचा होता. दगड आला की मापखोली पुन्हा सुरू, एवढं सरळ गणित होतं.

आम्ही केंद्रात गेलो तो दिवस कसलाही खास नव्हता. इमारतीला करडा रंग दिला होता, पत्रे तसेच ठेवले होते. आता ते पत्रे नसून शैली होती. दारावरच्या सुरक्षारक्षकाने आम्हाला आत सोडलं, पण आधी तिकडे टेबलावर सांगा म्हणाला.

ते टेबल म्हणजे आमचा दगड होता.

तो दारासमोर सरकवून ठेवला होता. पायांना लाकडी फळ्या ठोकून झाकलं होतं. वर एक संगणक, एक रोपट्याची कुंडी, बिस्किटांची बरणी. आणि आलेल्या लोकांना मोबाइल चार्ज करता यावेत म्हणून दगडाला आरपार भोकं पाडून त्यात विजेचे प्लग-पॉइंट बसवले होते. भोकांच्या कडा नीट घासलेल्याही नव्हत्या. दोन ठिकाणी टवके उडाले होते. ज्या दगडावर मी कधी कुणाला कोपर टेकू दिलं नाही, त्याला कुणीतरी ड्रिल लावलं होतं. आता त्याच्यावर ठेवून काढलेलं कुठलंही माप खरं नव्हतं. मांजरीची शेड, ते फोन, लेथवाला, सगळं मला एकदम दिसलं आणि दिसेनासं झालं.

दगडापलीकडे एक मुलगी बसली होती. छान, हसतमुख, अदबीने बोलायला शिकवलेली. तिने यांच्याकडे बघितलं. यांचा हात त्या भोकांवरून फिरत होता.

‘सर, आपण?’ तिने विचारलं.

एवढंच. आपलं नाव काय, कुणाला भेटायचंय, हे सगळं त्या एका शब्दात पुण्यात विचारता येतं. हे तिच्याकडे बघत राहिले. पाण्याच्या टाकीवर अर्धा तास बोलू शकणारा हा माणूस, त्याला त्या शब्दापुढे काहीही सुचेना. मुलीला वाटलं ऐकू गेलं नसेल. तिने तेच पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, जास्त गोड आवाजात. मला त्या मुलीला काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. पण तिचा काय दोष होता, आणि ज्यांचा होता ते तिथे नव्हते.

यांनी दगडावरचा हात काढून घेतला. खिशातून रुमाल काढला आणि बिस्किटांच्या बरणीभोवती सांडलेला चुरा पुसला, अगदी कोपऱ्यापर्यंत, रोज सकाळी पुसायचे तसा. मग माझ्याकडे वळले.

‘चल,’ हे म्हणाले. ‘घरी जाऊ आपण.’

त्या वेळी मी विचारलं नाही, आपण म्हणजे कोण. त्यात आम्ही दोघंच होतो.